भूशास्त्र मंडळाला संस्थापक किती?

अध्यक्षांनी मला 'चार पानं' असं सांगितलं होतं. "चारच पानं हो, बसल्या बसल्या होतील," हे त्यांचे शब्द. पुढे जे काही झालं त्यात मी उभा राहिलो, धावलो, चढलो, घसरलो, एकदा तर भर रस्त्यात ओणवा झालो. निवांत बसलो असा कुठेच नाही.

आमचं विभागीय भूशास्त्र मंडळ यंदा पन्नास वर्षांचं झालं. मंडळात सभासद दोन प्रकारचे. ज्यांना दगड बघण्याचा पगार मिळतो ते व्यावसायिक, आणि ज्यांना दगड बघितल्याबद्दल घरी बोलणी बसतात ते हौशी. मी हौशी. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात गेली. जळालेली दुकानं आणि पाण्यात बुडालेले ट्रक बघून बघून माणसांवरचा विश्वास उडाला, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी दगडांकडे वळलो. दगड खोटा दावा करत नाही. आमच्या घरात दगडांना मोठा मान आहे, असं मी बाहेर सांगतो. बायको म्हणते, "आहे ना. प्रत्येक दाराला एकेक लावलाय."

तर सुवर्णमहोत्सवासाठी मंडळाचा संक्षिप्त इतिहास छापायचं ठरलं. त्या सभेत मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की मागच्या पत्रकात डोंगराचा फोटो उलटा छापला गेला आणि एकाही व्यावसायिकाच्या ते लक्षात आलं नाही. यात वाईट काय बोललो? पण अध्यक्ष लगेच म्हणाले, "तुमची नजर बारीक आहे. इतिहास तुम्हीच लिहा." टाळ्या झाल्या. आपल्याकडे चूक दाखवणाऱ्याला शिक्षा करायची हीच रीत आहे.

इतिहासाचं पहिलं वाक्य सोपं असायला हवं होतं : मंडळाची स्थापना अमुक यांनी केली. मी प्राध्यापकांकडे गेलो. त्यांना नाव आहे, पण त्यांची बायकोसुद्धा त्यांना प्राध्यापकच म्हणते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते समोरच्याला बाकावर बसल्यासारखंच बघतात.

"लिहा," ते म्हणाले. "घाटातल्या रस्त्यावर आमची बस बंद पडली. रस्त्यासाठी डोंगर नुकताच कापलेला होता. मी खाली उतरलो, कापलेल्या कड्यातला थर बघितला आणि तिथेच मंडळाची कल्पना मला सुचली. हं, बसमधले काही लोक उभे होते आजूबाजूला. ते सोडून द्या."

मी सोडून दिलं आणि घड्याळजींकडे गेलो. घड्याळजींचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि हौशी सभासदांत त्यांच्याइतका जुना कोणी नाही. डोळ्याला लावायचं ते छोटं भिंग ते जेवतानाही कपाळावर ठेवतात.

"लिहा," ते म्हणाले. "बस बंद पडली. मी खाली उतरलो, भिंग लावून थर बघितला, तर आत शिंपले! मंडळ काढायचं मी तिथल्या तिथे ठरवलं. एक प्राध्यापकासारखा दिसणारा माणूस मागून येऊन काहीतरी बोलायला लागला. बाकी बसमधले लोक होते, पण त्यांचं काय!"

एकाच नुकसानीवर दोन दावे. असली प्रकरणं मी टेबलावर डझनांनी निकालात काढली होती; पण त्या दावेदारांशी मला नंतर सहलीला जावं लागत नव्हतं. हे दोघे तर एकमेकांशी बोलतही नाहीत. मंडळाच्या पहिल्या वार्षिक समारंभात संस्थापकासाठी पुष्पगुच्छ एकच आणला होता, तेव्हापासून हे सुरू आहे. सहलीत दोघे शेजारी उभे असतात आणि तिसऱ्यामार्फत बोलतात. "त्यांना सांगा, ते ज्याला थर म्हणतायत तो रस्त्याचा भराव आहे." "त्यांना सांगा, भराव त्यांच्या डोक्यात आहे." हे निरोप पोचवण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं, कारण माझा चेहरा म्हणे शांत आहे. शांत नाही, खचलेला आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर दंतवैद्य राहतात. त्यांना सल्ला देण्याची दांडगी हौस. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नाही, त्यामुळे असेल.

"इतिहास म्हणजे दाताची मुळं साफ करण्यासारखं आहे," जिन्यात मला अडवून ते म्हणाले. "वरून दात छान दिसतोय ना? मग उघडू नका. उघडलात की संपलं."

"पण पहिलं वाक्य तर लिहायला हवं?"

"मग सरकारी कागद बघा. मंडळाची नोंदणी झाली असेल ना? तिथे संस्थापकाचं नाव असणारच. हाडाचा पुरावा!"

सल्ला इतका सरळ होता की मला संशय यायला हवा होता. आला नाही. मी नोंदणी कार्यालयात गेलो.

खिडकीमागच्या बाईंनी संगणकावर बराच वेळ शोधलं. "भूशास्त्र मंडळ नाही," त्या म्हणाल्या.

"नाही कसं? पन्नास वर्षं आहे!"

"तुम्ही म्हणताय. संगणक नाही म्हणतोय." मग त्यांनी चष्मा वर केला. "भूतशास्त्र मंडळ आहे. ते चालेल?"

मी त्यांना समजावलं की चालणार नाही. पत्ता बघितला तर आमचाच होता : वाचनालयाच्या मागची खोली. संस्थापकाचा रकाना मात्र कोरा होता. कधीतरी कोण्या टंकलेखकाच्या बोटाला एक 'त' जास्त झाला होता आणि सरकारदरबारी आम्ही अर्धं शतक भुतांचा अभ्यास करत होतो. वर्षामागून वर्षं आमचे अहवाल तिथे जात होते. त्यात 'यंदा सभासदांनी टेकडीवर जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहिलेलं असे, आणि कोणालाही काही वावगं वाटलं नव्हतं.

"दुरुस्त करून द्या," मी म्हणालो.

"अशी दुरुस्ती होत नाही. संस्थापकाच्या सहीचा अर्ज लागतो. हयात आहेत का?"

"दोन आहेत."

"रकाना एक आहे," बाई म्हणाल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी माणुसकी आहे म्हटलं असतं. पण त्या बाई कर्तव्यदक्ष निघाल्या. आमची खोली नगरपालिकेनं 'भूशास्त्र मंडळा'ला दिलेली, आणि भूशास्त्र मंडळ नावाचं काही अस्तित्वातच नाही, हे त्यांनी तत्परतेनं नगरपालिकेला कळवलं. आठवड्याच्या आत खोलीच्या दारावर नोटीस लागली : भूतशास्त्र मंडळानं ही जागा विनापरवाना वापरल्याचं आढळून आल्यानं, खोली रिकामी करावी.

नोटीस लागल्यावर मंडळाची कीर्ती एकदम वाढली. व्याख्यानाला चारजण जमवताना आमची दमछाक होते. आणि आता दारात अनोळखी माणसं थांबायला लागली. एका गृहस्थांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की त्यांच्या घरात वरच्या खोलीतून आवाज येतात. मी म्हणालो, आम्ही दगडांचा अभ्यास करतो. त्यांचे डोळे विस्फारले. "म्हणजे दगड मारणारं असेल म्हणता?"

तातडीची सभा भरली. मला वाटलं, चूक शोधून काढल्याबद्दल माझं कौतुक होईल. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "पन्नास वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. यांना विचारायला जायची काय गरज होती?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. व्यावसायिक आणि हौशी यांचं मंडळाच्या इतिहासात प्रथमच एकमत झालं, आणि ते माझ्याविरुद्ध. खोलीत सहा कपाटं भरून नमुने होते : सभासदांनी खांद्यावरून वाहून आणलेले, चिठ्ठ्या लावून मांडलेले. खोली गेली तर ते ठेवायचे कुठे? एक व्यावसायिक म्हणाले, "इतिहासकारांच्या घरी." लगेच अनुमोदन मिळालं.

घरी सांगितल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "दारं संपली आता."

पण नंतर चहा ओतताना ती म्हणाली, "त्या खोलीत शाळेतली मुलं येतात ना रे शनिवारी? कपाटांपुढे नाक लावून उभी असतात. ती कुठे जाणार?" खरं म्हणजे मलाही त्याचीच टोचणी लागली होती, पण मी तेव्हा संतापलेला असल्यामुळे कबूल करणं शक्य नव्हतं.

सही मिळवणं भाग होतं. प्राध्यापक म्हणाले, "जरूर देतो. फक्त आपण संस्थापक नाही, एवढं घड्याळजींनी लिहून द्यावं." घड्याळजींनी हीच अट उलटी घातली. मी इकडून तिकडे हेलपाटे घातले. शेवटी घड्याळजी म्हणाले, "त्यांना सांगा, त्याच कड्यापुढे उभं राहून माझ्या डोळ्यात बघून सांगा म्हणावं, की आधी थर कोणी बघितला." प्राध्यापक म्हणाले, "त्यांना सांगा, तो थर नदीचा आहे हे त्यांनी तिथे मान्य केलं, तर मी सहीसुद्धा सोडतो."

दंतवैद्यांची गाडी मोठी आहे. ते आपणहून चालक म्हणून आले. असा तमाशा त्यांना फुकटात कुठे मिळणार होता? मागच्या सीटवर एका खिडकीशी प्राध्यापक, दुसऱ्या खिडकीशी घड्याळजी, मध्ये मी. घाट सुरू झाल्यावर संभाषण सुरू झालं.

"त्यांना सांगा, काच वर करा. वारा लागतोय."

"घड्याळजी, काच वर करा म्हणतायत."

"त्यांना सांगा, काच खाली असली तर दगड दिसतात."

हे दोघं माझ्या दोन्ही कानांपासून वीतभर अंतरावर होते. वळणावर गाडी इकडे झुकली की मी नदीवाल्यांच्या अंगावर, तिकडे झुकली की समुद्रवाल्यांच्या. हो, समुद्र. घड्याळजींचं म्हणणं, त्या थरात शिंपले आहेत म्हणजे तिथे समुद्र होता. प्राध्यापकांचं म्हणणं, थरात गोटे आहेत म्हणजे नदी. बस बंद पडली त्या दिवसापासून हा वाद चालू आहे आणि दोघांपैकी एकानंही तसूभर जमीन सोडलेली नाही.

कडा अजून तसाच होता. रस्त्याच्या कडेला खोल चर, चरापलीकडे उभा कापलेला डोंगर, आणि त्यात छातीच्या उंचीवर तो थर : करड्या दगडात दाबून बसवलेले गोल गोटे, मधूनमधून पांढुरके तुकडे. मी पुष्कळ वर्षांनी बघत होतो, पण बघितल्याबरोबर राग जरासा उतरला. कुठलं तरी पाणी इथून गेलं होतं आणि जाताना आपलं सामान विसरलं होतं.

प्राध्यापकांचे गुडघे वाकत नाहीत आणि घड्याळजींना हातभर अंतरापलीकडे नीट दिसत नाही. म्हणून चरावरून पलीकडे नेताना मी आधी प्राध्यापकांना मागून ढकललं, मग घड्याळजींना पुढून ओढलं. दोघे सुखरूप पोचले. मग त्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, हातोडी आणि दोन घडीच्या खुर्च्या घेऊन मी निघालो, माझा पाय सरकला आणि मी सगळ्या सामानासकट चरात गेलो.

लागलं फारसं नाही. पण वरून कोणीतरी "अरेरे" म्हणेल, हात देईल, अशी माझी माफक अपेक्षा होती. वरून आवाज आला तो असा :

"त्यांना सांगा, हा गोटा बघा म्हणावं!"

मी चिखलात होतो. तोंडात पालापाचोळा होता. मी सांगू शकलो नाही.

"अहो, ऐकताय ना? त्यांना सांगा!"

मी गप्प. आणि मग प्राध्यापकांनी, पुष्पगुच्छाच्या त्या समारंभानंतर पहिल्यांदाच, थेट तोंड उघडलं.

"अहो, हा गोटा बघा! नदीशिवाय इतका गोल होईल का?"

"आणि हा शिंपला?" घड्याळजी ओरडले. "हा काय नदीत पोहायला आला होता?"

"वाहून आला असेल!"

"समुद्रातून वर? डोंगर चढून?"

दोघांचे आवाज घाटात घुमायला लागले. रस्त्यावर आधी एक स्कूटर थांबली, मग भाजीचा टेम्पो, मग लग्नाला वगैरे निघाल्यासारखं नटलेलं एक कुटुंब. माणसं थांबली ती मला चरात बघून. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. "कोणीतरी पडलंय" म्हणत ती धावत आली, आणि चराच्या काठावर पोचल्यावर माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागली. मी वर केलेला हात तसाच राहिला.

"इथे काय झालंय?" स्कूटरवाल्या बाईंनी विचारलं.

"समुद्र होता," घड्याळजी म्हणाले.

"नदी होती," प्राध्यापक म्हणाले.

"अग बाई! केव्हा?"

हा प्रश्न अत्यंत चांगला होता. दोघे वाद विसरून एकदम उत्तर द्यायला लागले. प्राध्यापक एक वाक्य बोलायचे, घड्याळजी पुढचं जोडायचे. प्राध्यापकांना वाकता येत नव्हतं, म्हणून घड्याळजी खालचे तुकडे उचलून देत होते. घड्याळजींना लांबचं दिसत नव्हतं, म्हणून प्राध्यापक त्यांचा हात धरून वरच्या थराकडे वळवत होते. भिंग गर्दीत हातोहात फिरलं. टेम्पोवाला शिंपला बघून म्हणाला, "आयला, खरंच की!" नटलेल्या कुटुंबातल्या आजी खुर्ची मागायला लागल्या. ती माझ्या पायाखाली होती. मी ती वर दिली.

तेवढ्यात दंतवैद्य म्हणाले, "नदी समुद्राला मिळते तिथे गोटे आणि शिंपले दोन्ही असतील की."

दोघे गर्रकन वळले. "तुम्ही दात बघा!" दोघेही एका सुरात म्हणाले.

त्या चरात उभ्या उभ्या मला पहिलं वाक्य सापडलं. बस बंद पडली होती. दोन माणसं कड्यापुढे भांडत होती. भांडण ऐकायला प्रवासी जमले, त्यांना दगडात गोडी वाटली, त्यांनी नावं दिली. दोघांच्याही हकिकतीत ते प्रवासी उभे होते, आणि दोघांनीही त्यांना सोडून दिलं होतं. दावे तपासण्यात केस पांढरे झालेल्या मीसुद्धा.

"मंडळ तुम्ही नाही काढलं!" मी खालून ओरडलो. "बसमधल्या माणसांनी काढलं! तुम्ही दोघं फक्त भांडत होता!"

दोघांनी खाली बघितलं. मी तिथे आहे हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

प्राध्यापक बराच वेळ गोटा हातात फिरवत राहिले. "नावं त्यांनी दिली होती खरी," ते हळू म्हणाले. "एक परिचारिका होती. ती म्हणाली, पुन्हा कधी येणार आहात दगड बघायला?"

"आणि तो ड्रायव्हर," घड्याळजी म्हणाले. "बस दुरुस्त झाली तरी निघेना. पहिला सभासद तोच."

"गेला तो."

"हो. मला नाही कळवलं कोणी."

"मी कळवायला हवं होतं," प्राध्यापक म्हणाले.

मग मला बाहेर काढण्यात आलं. टेम्पोवाल्यानं काढलं, संस्थापकांपैकी कोणी नाही. अर्ज माझ्या खिशात होता, ओला पण शाबूत. लिहायला टेकू मिळेना, म्हणून मला ओणवं व्हायला सांगण्यात आलं. माझ्या पाठीवर कागद ठेवून प्राध्यापकांनी रकान्यात लिहिलं : 'बंद पडलेल्या बसमधले प्रवासी.' खाली घड्याळजींनी लिहिलं : 'त्यांपैकी दोन', आणि दोघांनी सह्या केल्या. पूर्णविराम कोणी दिला माहीत नाही, पण तो मला बरगडीपर्यंत लागला.

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी तो अर्ज दोनदा वाचला. "हे असं चालत नाही," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्या जरा मागे सरकल्या. "पण राहू द्या. तसंही एका अक्षराच्या दुरुस्तीला सध्याच्या अध्यक्षांचं पत्र पुरतं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"अर्जाला संस्थापक लागतो तो लागतोच. पत्राचं तुम्ही कुठे विचारलंत?"

'त' गेला. दारावरची नोटीस उतरली. कपाटं जागच्या जागी राहिली. अध्यक्षांनी कार्यकारिणीत सांगितलं, की त्यांच्या एका पत्रानं हे संकट टळलं, आणि कार्यकारिणीनं त्यांचे आभार मानले. माझा उल्लेख 'गाडीची व्यवस्था' या सदरात होता, तोही चुकीचा, कारण गाडी दंतवैद्यांची.

सुवर्णमहोत्सवाला सभागृह भरलं होतं. घाटातली स्कूटरवाली बाई आली होती. टेम्पोवाला आला होता. 'दगड मारणारं' वाले गृहस्थही आले होते, अजून आशा धरून. पहिल्या रांगेत प्राध्यापक आणि घड्याळजी शेजारी शेजारी बसले होते, मध्ये कोणी नव्हतं. मी इतिहास वाचायला उभा राहिलो. चार पानं. पहिलं वाक्य वाचलं : "आपलं मंडळ एका बंद पडलेल्या बसनं आणि तिच्यातल्या प्रवाशांनी स्थापन केलं."

प्राध्यापक उठले. "एक दुरुस्ती आहे."

घड्याळजी उठले. "माझ्या दोन आहेत."

आणि मग मला काय झालं कोण जाणे. चर, चिखल, नोटीस, ती खिडकी, गाडीतली मधली जागा, सगळं एकदम वर आलं. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, "खाली बसा!"

आयुष्यात मी कोणाला असं बोललो नव्हतो. कार्यालयात शिपाईसुद्धा मला ऐकवून जायचा. दोघे माझ्याकडे बघत राहिले, मग एकमेकांकडे, आणि मुकाट्यानं खाली बसले.

मी पुन्हा वाचायला लागलो. परिचारिकेचं वाचलं, ड्रायव्हरचं वाचलं. घड्याळजी प्राध्यापकांच्या कानाशी झुकून म्हणाले, "बरोबर लिहिलंय रे त्यानं." कुजबुज म्हणून बोलले, पण त्यांना कमी ऐकू येत असल्यानं ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. ते 'रे' ऐकून प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

पुढे सगळा इतिहास होता : पहिलं कपाट, पहिली सहल, शनिवारची मुलं, मी जीव ओतून लिहिलेला एकेक परिच्छेद. मी पान उलटलं, आवाज लावला, आणि सहज पहिल्या रांगेकडे नजर टाकली.

दोन्ही संस्थापक झोपले होते. प्राध्यापकांचं डोकं घड्याळजींच्या खांद्यावर होतं. मी आवाज चढवला. उरलेली तीन पानं मी जवळजवळ ओरडून वाचली. त्यांची झोप मोडली नाही. उलट बायकोनं तिसऱ्या रांगेतून मला खूण केली, की जरा हळू वाच, उठतील ते.